सातही कांदे हजर

साऱ्या उत्तर प्रदेशात उन्हाळ्याचा कुणी उघड अपमान केला असेल, तर तो आमच्या सामनेवाले आजोबांनी. लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या इमारतीत ते आमच्या समोरच्या दारात राहायचे, म्हणून मुलांनी त्यांना हे अर्धं हिंदी, अर्धं मराठी नाव दिलं आणि पुढे टपालवालाही त्यांना त्याच नावाने ओळखू लागला; मी मात्र त्यांना काका म्हणायचो. मूळचे अकोल्याचे, रेल्वेत इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले आणि बायको गेल्यापासून एकटे. एप्रिल संपताना लखनौमध्ये लू, म्हणजे अंग भाजणारा वारा, सुटते, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा हे गृहस्थ गच्चीत उभे राहून आभाळाकडे अशा नजरेने बघायचे की जणू कनिष्ठ कारकुनाने अर्धवट फाइल पुढे केली आहे. "याले ऊन म्हणता का भाऊ तुम्ही?" ते मला विचारायचे. "आमच्या अकोल्यात असल्या उन्हात पापडही वाळत नाही." मी साताऱ्याचा, बँकेच्या बदलीने इथे येऊन पडलेला, आणि कूलरसमोरून उठायला तयार नसायचो. त्यामुळे त्यांच्या लेखी मी कच्चा गडी होतो.

सात वर्षांचं होईपर्यंत ज्या मुलाने भर उन्हात कॉलेजचा फुटबॉल सामना पाहिला नाही, त्याचं पुढे काही खरं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. क्रिकेट त्यांना चालत नसे, कारण त्यात माणसं चहा प्यायला आत जातात. जवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर दर एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता अंतिम सामना व्हायचा आणि त्याला इमारतीतली सात पोरं घेऊन जाणं हे त्यांचं वर्षातलं सर्वांत मोठं काम होतं. तयारी आठवडाभर आधी सुरू व्हायची. मैदानाच्या पश्चिमेकडच्या भिंतीची सावली चार वाजता किती फूट पडते, हे ते आदल्या दिवशी स्वतः टेपने मोजून यायचे. मोठ्या थर्मासात आणि पोरांच्या बाटल्यांत कैरीचं पन्हं, प्रत्येकाच्या डोक्याला ओला दुपट्टा आणि प्रत्येकाच्या खिशात एक कांदा, कारण खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, याबद्दल अकोल्यात दुमत नाही. हे कांदे पांढरेच हवेत असा हट्ट असायचा. सब्जीवाला भैया बिचारा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चिनहटपर्यंत शोधून यायचा. लाल कांद्यावर आकडा नीट दिसत नाही, एवढंच त्याचं कारण होतं.

कांद्यावर आकडा घालायची कल्पना रेल्वेतली. मालगाडीच्या डब्याला तोंड नसतं, नंबर असतो, आणि चाळीस वर्षं त्यांनी गाड्या नंबर बघूनच तपासल्या होत्या. पोरं सारखी हलतात, त्यांची डोकी मोजता मोजता पुन्हा पहिल्यावर यावं लागतं, म्हणून त्यांनी कांद्यांवर मार्करने एक ते सात आकडे घातले. शिट्टी वाजली की सगळ्यांनी आपापला कांदा वर धरायचा. आमच्या मुक्ताचा चार नंबर होता. घरी ती माझ्याशी मराठीत एक वाक्य धड बोलायची नाही, पण आपला नंबर विचारला की "चार" असं खणखणीत मराठीत सांगायची. तेवढ्यावरही मी खूश असे.

सामन्यातलं त्यांना फक्त गोलकीपरमध्ये स्वारस्य होतं. तरुणपणी अकोल्यात कॉलेजच्या संघात ते स्वतः गोलकीपर होते. "बाकीचे पयतात, त्याईले वारा लागते," ते पोरांना समजावायचे. "हा एकटा उन्हात उभा. त्याले पानी कोन विचारते?" त्यांच्या अंतिम सामन्याला घरचं कुणीच आलं नव्हतं, एवढ्या उन्हात कोण जाणार म्हणून. हे ते हसत सांगायचे, आणि मीही हसून सोडून द्यायचो. मुक्ताने मात्र ते सोडून दिलं नव्हतं.

ती सहा वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. बायकोने मला बळेच सोबत धाडलं होतं आणि मी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन सावलीत आडवा झालो होतो. मध्यंतराला शिट्टी वाजली, कांदे वर झाले, काकांनी एक ते सात आकडे वाचले आणि "सातही हजर" अशी घोषणा केली. सामना पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळाने पन्हं वाटायला मी उठलो, तर मुक्ता नव्हती. आणि शेजारच्या ईशानच्या हातात दोन कांदे होते. मघाशी त्याने दोन्ही हात वर केले होते. "मुक्ता बोली पकड़ के रखो," तो म्हणाला.

त्यानंतरची पाच-सात मिनिटं मला आजही नकोशी वाटतात. बाहेर मोठा रस्ता होता आणि मैदानाचं फाटक सताड उघडं. मी फाटकाकडे धावलो. काका शिट्टी तोंडात धरून फुंकत होते, पण धाप लागल्यामुळे ती वाजत नव्हती. त्यांच्या डोक्यावरचा दुपट्टा कुठेतरी पडला होता, आणि ते तसेच उघड्या डोक्याने चालू सामन्यात शिरले. खेळ थांबला. खेळाडू, पंच, सगळेच इकडेतिकडे बघू लागले. तेव्हा पलीकडच्या टोकाच्या गोलकीपरने हात वर करून हाक मारली, "अंकल, ये बच्ची आपकी है?" गोलच्या मागे, कडुलिंबाच्या सावलीत आमची बाई मांडी घालून बसली होती. स्वतःच्या बाटलीतलं पन्हं तिने त्याला नेऊन पाजलं होतं. परत निघाली तर चेंडू लागेल, म्हणून त्यानेच तिला बसवून ठेवलं होतं.

परतताना ई-रिक्षात मी काकांना एकच वाक्य बोललो, "तुमच्या भरवशावर पोरगी पाठवली होती." मी स्वतः दोन हातांच्या अंतरावर झोपलो होतो हे मला ठाऊक होतं, म्हणूनच बहुधा ते इतकं जोरात बोललो. संध्याकाळी त्यांनी आमच्या दारात येऊन शिट्टी आणि मार्कर माझ्या हातात ठेवले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "नंबर मोजले मी भाऊ," ते म्हणाले, "पोरगी नाही मोजली."

पुढचं वर्षभर समोरचं दार जेवढ्यास तेवढं उघडलं. एप्रिल आला तरी काकांनी टेप बाहेर काढला नाही, पापडांचं नाव नाही, उन्हाला तर चक्क ऊन म्हणू लागले. पोरं जिन्यात येऊन मला विचारायची, "अंकल, इस बार मैच नहीं?" मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी सामन्याच्या दिवशी भैयाला गाठून मीच पांढरे कांदे आणले, त्यावर वेडेवाकडे आकडे घातले आणि समोरची बेल वाजवली. म्हटलं, "काका, पोरं खाली उभी आहेत. मोजायला माणूस नाही."

ते आत वळले. मग दुपट्टा भिजवून खाली आले. कांदे त्यांनी खिशांत घालायला लावले, पण पाहिले नाहीत. एकेका डोक्यावर तळहात ठेवून मोजत गेले. चारला हात जरा जास्त वेळ राहिला. सातनंतर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आठ." मी म्हटलं, काका, मी मोठा आहे. "त्या दिवशी तुम्हीबी हरवलेच होते," ते म्हणाले.

गुडघ्यांनी दगा दिला म्हणून दोन वर्षांपूर्वी ते नागपूरला मुलीकडे राहायला गेले. समोर आता नवं कुटुंब आहे, चांगलं आहे, पण उन्हाला कुणी काही बोलत नाही. मला त्यांची फार आठवण येते. मुक्ता कॉलेजात जाते, आणि यंदाच्या सामन्याला इमारतीतली पोरं तिनेच गोळा केली. फाटकापाशी ती प्रत्येकाच्या डोक्यावर तळहात ठेवत होती, तेवढ्यात नागपूरहून फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"मोजले का?"

"हाँ आजोबा. सात."

"कांदे का पोरं?"

"पोरं," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पापा को मिला के आठ."

मग काका म्हणाले, "मंग जा. पश्चिमेकून बसा. आन् त्या गोलकीपरले पानी विचारजो."