गुरुवारची डोकेदुखी

विद्यापीठाच्या दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. दारातल्या टेबलावर रजिस्टर असतं. नाव, विभाग, तक्रार. तक्रारीच्या रकान्यापाशी माझं पेन अडलं. दोन महिने धड झोप नाही, आंघोळीला उठायचंही जिवावर येतं, हे एवढ्याशा जागेत कसं लिहायचं? आणि रांगेतल्या कुणी वाचलं तर? मी हात आडवा धरून 'डोकेदुखी' लिहिलं.

सिस्टर हसल्या. "झाकू नकोस गं. गुरुवारी इथे सगळ्यांचं डोकंच दुखतं."

खरंच की! पानभर वेगवेगळ्या अक्षरांत तीच एक डोकेदुखी. ताप आला की आपण घरभर सांगत सुटतो आणि इथे मात्र एवढ्या सगळ्यांनी असाच हात आडवा धरला असेल. मला जरा हायसं वाटलं.

मग मागच्या गुरुवारच्या तारखेखाली अस्मिताचं नाव दिसलं. अस्मिता माझी रूममेट. तिचीही डोकेदुखीच.

त्या गुरुवारी सकाळी ती म्हणाली होती, "डोकं दुखतंय गं. जरा बसतेस माझ्याजवळ?"

मी तिच्या हातात बामची डबी दिली आणि लेक्चरला निघून गेले.