देठ खुडल्याचा एक तास

बेरोजगारीच्या सरकारी सर्वेक्षणासाठी मी घरोघरी जाऊन टॅबवर माहिती भरते. गेल्या सात दिवसांत घरच्या शेतीचं काम एक तास जरी केलं असेल, तरी त्या माणसाला बेरोजगार धरायचं नाही, असा नियम आहे. मोबदला मिळो न मिळो.

कोरीट गावात एका घरी ओट्यावर बसले होते. त्या घरची मुलगी लोणखेड्याच्या कॉलेजातून पदवी घेऊन दोन वर्षं नोकरी शोधत होती. ती आत चहा करत होती, म्हणून तिचे प्रश्न मी आईलाच विचारले. लग्नाच्या पोरीला परक्या बाईसमोर रिकामी कोण म्हणेल? आई ताठ बसून म्हणाली, "रिकामी नही बसस ती. घरनी मिरचीना देठ खुडस."

कोणत्या दिवशी, हे विचारणं माझं काम होतं. पण 'काम नाही' भरलं की पुढे आणखी प्रश्न उघडतात, आणि मला बस गाठायची होती. मी तिला कामावर दाखवून मोकळी झाले.

मुलगी चहा घेऊन आली. टॅबकडे पाहत म्हणाली, "मॅडम, मिरची मागच्या महिन्यातच संपली. या आठवड्यात मी फक्त अर्ज भरलेत."

"आता भरलं गेलं गं," मी म्हणाले. "हे मशीन मागे जाऊ देत नाही."

तिने बशी तेवढी माझ्याकडे सरकवली.

मशीन मागे जातं. आणि तिची पदवी कॉम्प्युटरची होती, हे दहा मिनिटांपूर्वी मीच भरलं होतं.