शेवटाआधी मिटलेले पुस्तक

निर्मलाबाईंची आणि माझी पहिली भेट बारामतीच्या एसटी स्थानकावर झाली. इंदापूरजवळच्या आमच्या कन्या पाठशाळेत त्या शिकवायला येणार होत्या आणि मुख्याध्यापिका म्हणून मी त्यांना घ्यायला गेले होते. त्यांच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात बालकथांच्या पुस्तकांचे बोचके. आमच्याकडे स्तोत्रे आणि कीर्तन शिकवतात, असे मी स्पष्टच सांगितले. तेही शिकवीन, पण संध्याकाळच्या प्रार्थनेआधीचा अर्धा तास मला द्या, असे बाई म्हणाल्या. मी दिला. आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त सांगते, पाठशाळेत त्याहून कामाचा तास दुसरा नाही.

बाईंची पद्धत साधी. गोष्ट रंगात आली की त्या पुस्तक मिटतात. कोणालाच न आवडणारे जे पात्र असेल, त्याच्या वतीने मुलींनी बोलायचे. त्याशिवाय शेवट वाचला जात नाही.

भिगवणची संगीता उजनी धरणात मासे धरणाऱ्यांच्या घरातली. गळा गोड, पाठांतर चोख. पण पंगतीत तिच्या शेजारचा पाट रिकामा राहू लागला. मी रागावले की मुली बसत, पण अंग चोरून. पुढे काही पालकांनी आमचे विश्वस्त तात्या यांना गाठले. जिच्या घरी मासळी शिजते ती मुलगी पाठशाळेत नको, असे त्यांचे म्हणणे.

तात्या तो निरोप घेऊन आले तेव्हा बाईंची गोष्ट चालू होती. पोपटांच्या झाडावर एक घुबड राहायला येते आणि पोपट त्याला अपशकुनी म्हणून हाकलू पाहतात. बाईंनी पुस्तक मिटले आणि तात्यांना खुर्ची दिली.

"तात्या, घुबडाच्या वतीने आज तुम्ही बोला."

"मला घुबड करता व्हय, बाई?"

"पोरी खोळंबल्यात."

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "घुबड म्हणंल, झाड काय तुमच्या बापाचं हाय? मी बी हितंच ऱ्हाणार."

मुली खळखळून हसल्या. तात्या हसले नाहीत. समोरच संगीता बसली होती.

त्या संध्याकाळी ते जेवायला थांबले आणि तिच्या शेजारच्या पाटावर बसले. पालकांचे मी बघतो, एवढेच जाताना म्हणाले. तरीही दोन मुलींना घरच्यांनी काढून नेले. बाई उन्हातान्हात दोघींच्या घरी गेल्या. एक परत आली. दुसरी आली नाही, पण तिची विचारपूस करायला बाई अजून अधूनमधून जातात.

संगीता आज आमच्याकडेच लहान मुलींना कीर्तन शिकवते.

यंदा पुन्हा एका मुलीच्या प्रवेशाला हरकत आली आहे. प्रवेश मी दिला आहे. परमेश्वराने बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य द्यावे आणि त्यांचा आवाज असाच खणखणीत ठेवावा. बाईंनी निवृत्तीचे नाव काढू नये. त्यांचा अर्धा तास राखलेला आहे, आणि हरकत घेणाऱ्यांसाठी खुर्चीही मांडलेली आहे.