पंप बंद केल्यावर

"झोपवायला काय, कुणालाही झोपवता येतं, उठायची वाट बघता आली पाहिजे," असं भूलवाल्या डॉक्टरीणबाई एकदा चहा पिता पिता म्हणाल्या होत्या. तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर हसल्या होत्या. आज टेबलावर सिस्टरांचाच धाकटा भाऊ होता, आणि तो उठत नव्हता.

मणक्याचं ऑपरेशन सकाळपासून चाललेलं. वेदना मारणारं नेहमीचं नवं औषध संपलं होतं, म्हणून बाईंनी औषध सोडणाऱ्या पंपातून जुनंच चालू ठेवलं. सर्जन "अजून तासभर" म्हणाले म्हणून पंप चालूच राहिला, आणि ते त्याच्या आतच टाके घालून मोकळे झाले. पंप बंद होऊन दहा मिनिटं झाल्यावर सिस्टरांनी सवयीने भावाच्या गालावर चापटी मारली. नव्या औषधात माणूस एवढ्यात डोळे उघडतो. हा ढिम्म. छाती हलत होती ती मशीनच्या जोरावर.

"बाई, खरं सांगा. गेला का हो?"

"गेलेल्याची नाडी अशी चालते? अहो, नवं औषध रक्तातच मोडून जातं, कितीही तास चालवा. हे अंगात मुरतं. दिवसभर भिजलेली गादी आहे ती, रुमालासारखी झटकून वाळायची नाही."

"मग उताऱ्याचं औषध टोचा की," सर्जन दारातून म्हणाले. "माझा पुढचा पेशंट खोळंबलाय."

"टोचलं तर दुखणं एकदम उसळेल, रक्तदाब चढेल. टाके तुमचेच आहेत, सर."

बाई स्टूल ओढून त्याचं मनगट धरून बसल्या. चेहरा शांत होता, पण स्टुलाखाली त्यांचा पाय सारखा हलत होता. ते सिस्टरांनी पाहिलं.

बराच वेळ गेला. मग मशीनच्या आधी छाती आपणहून उचलली. पुन्हा उचलली.

"डोळे उघडा. माझं बोट दाबा. आता पाय हलवा बघू," बाई म्हणाल्या.

दोन्ही पाय हलले. घशातली श्वासाची नळी निघाली.

"मेल्या, शाळेच्या वेळेलाही अशीच सोंगं करायचास!" सिस्टर रडता रडता ओरडल्या.

"ताई... हळू बोल ना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

रिकव्हरी रूममध्ये त्याचा श्वास नीट स्थिरावेपर्यंत बाई उशाशी उभ्या राहिल्या. मग तिथल्या नर्सला खूण करून निघाल्या. सिस्टर हात जोडून वाटेत आडव्या आल्या. बाईंनी ते हात क्षणभर आपल्या हातात घेतले. बाईंचे तळवे घामाने ओले होते. हात सोडले, दार ढकललं, आणि त्या बाहेर पडल्या.