शिक्र्याच्या पायाखालचं शेवाळ

शिक्रा उजवा पाय दांडीवर टेकवेना. टेकवला की लगेच उचलायचा.

नव्वद सालाच्या आसपास मी कर्नाळ्याच्या अभयारण्यात वॉचमन होतो. शिक्रा म्हणजे कबुतराएवढा शिकारी पक्षी. पंखाला मार लागलेला हा कोणीतरी पनवेलहून आणून दिला होता. पंख बरा झाला, सोडायचं ठरलं, आणि हे नवीन लचांड.

गुरांचे डॉक्टर आले. तळव्याला फोड होता.

"लोखंडी पाइपवर बसून झालंय. मलम लावा, दांडी मऊ करा. पायाने धरता आलं नाही तर बाहेर उपाशी मरेल."

पाइपला गोणपाट गुंडाळलं. त्याच्या सुतात नखं अडकून तो उलटा लटकला. घरी येऊन मी शिव्या घातल्या. कोणाला, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी माझी बायको मालन ओढ्यावरून एक फांदी घेऊन आली. सालीवर जाड, मखमलीसारखं शेवाळ.

रेंजर साहेब हसले. "वहिनी, कुठे शिक्रा, कुठे शेवाळ! शिक्रा बघायला मुंबईहून माणसं येतात. शेवाळावरून नुसती घसरतात."

"तुमी बघून चाला ना, साहेब," मालन म्हणाली. "शिक्र्याला रोज मास लागतं, याला चूळभर पानी. याला नखं नाय, चोच नाय. पन तो दमला का बसनार कुठं?"

"बसवा बाबा ती फांदी," साहेब मला म्हणाले.

बसवली. मालन रोज सकाळी तिच्यावर पाणी शिंपडायची आणि फांदीशीच बोलायची.

मी म्हटलं, "अगं, पेशंट तो आहे."

"त्याच्याकडं तुमी बघता. हिच्याकडं कोन बघनार?"

हळूहळू फोड सुकला. शिक्रा दोन्ही पायांनी फांदी आवळून बसायला लागला. मग सोडला. सरळ किल्ल्याच्या सुळक्याकडे गेला, मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"बघ, रामराम नाही की काही नाही," मी म्हणालो.

"जाऊ द्या त्याला. फांदी घरी घ्या."

तिने ती मोरीमागे दगडाला टेकवून ठेवली. पुढे फांदी कुजली, शेवाळ दगडावर पसरलं. मालन गेली, ते अजून आहे. उन्हाळ्यात तपकिरी पडतं, मेल्यासारखं. मी पाणी मारतो. चहा होईपर्यंत हिरवं. माणसाचं तसं नसतं, नाहीतर मी विहीर उपसली असती.

आजारी पक्षी आला तर आधी तो कशावर बसलाय ते बघा. पंखांकडे सगळेच बघतात.