एक स्टेशन पुढे गेलेला माणूस

आमचं कुटुंब तीन माणसांचं आहे आणि सध्या तीन देशांत राहतं. मी कुवेतला रिफायनरीत इंजिनिअर, बायको नंदा नाशिकला शाळेत शिक्षिका आणि लेक सई मिलानला शिकायला.

कुवेतच्या खैतान भागातल्या फ्लॅटवर मी इतका शांत राहतो, की शेजाऱ्याला बरेच महिने तो रिकामाच वाटत होता. ऑफिसात इंग्रजी, कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दूध-अंडी घेताना हिंदी. मराठी फक्त फोनवर, आणि तीही 'जेवलो, मजेत आहे' एवढीच.

यंदा सुट्टीत आम्ही तिघं मिलानला भेटलो. सईने एक दिवस कोमो तळ्याकाठच्या गावाला जायचं ठरवलं. माझ्या फोनला रोमिंग घेऊ का, असं विचारलं तर म्हणाली, "कशाला बाबा? आपण एकत्रच असणार ना."

गाडीला ही गर्दी! मायलेकींना पुढच्या डब्यात जागा मिळाली आणि मी खाण्याची पिशवी घेऊन शेवटच्या डब्यात. (कुवेतमध्ये रेल्वेच नाही. सवय मोडते.) वाटेत इटालियनमध्ये एक घोषणा झाली. आवाज इतका गोड, की मला वाटलं आमचं स्वागतच चाललंय. पुढच्या स्टेशनचा फलाट लहान आहे, उतरणाऱ्यांनी पुढच्या डब्यांत यावं, असं ती बाई विनवत होती, हे मला फार नंतर कळलं.

थोड्या वेळाने गाडी बोगद्यात थांबली. सिग्नल नसेल, म्हणून मी निवांत बसून राहिलो. गाडी हलली, बाहेर आली, तर खिडकीसमोर फलाट आणि फलाटावर नंदा आणि सई! एवढ्या परक्या मुलुखात आपली माणसं दिसली म्हणून मी आनंदाने हात हलवला. हात हलवून झाल्यावर लक्षात आलं, की चाललोय तो मी.

पुढच्या स्टेशनावर उतरलो. तिथे ना तिकीट खिडकी ना माणूस. एका बाकावर एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या बसल्या होत्या. परतीच्या गाडीला बराच वेळ होता. एकटं बसायची मला सवय आहे, पण त्या बाकावरून मी सारखा वाकून रुळांकडे बघत होतो. वर्षातून चार दिवस घरची माणसं मिळतात, त्यातही मी हरवून दाखवलं होतं.

भूक नव्हती, पण हातांना काही काम हवं म्हणून मी नंदाने केलेल्या थालीपिठांचा डबा उघडला. आजींपुढे धरला. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि इटालियनमध्ये काहीतरी बोलल्या. मी मराठीत उत्तर दिलं. मग मला थांबताच येईना. फोनवर 'जेवलो' म्हणतो ते खरंच, पण जेवताना सोबत कोणी नसतं, असं मी सांगितलं. शुक्रवारच्या सुट्टीत नुसतं माणसांत असावं म्हणून मॉलमध्ये जातो आणि सरकत्या जिन्यावर वर-खाली करतो, तेही सांगितलं. अधूनमधून आग्रहाने डबा पुढे करत होतोच.

"मजेत वगैरे काही नाही हो," मी म्हणालो. "करार संपला की कायमचं घरी जावं असं वाटतं. पण नंदाने आपलं आपलं छान बसवलंय. तिला माझी अडचण झाली तर? विचारायचा धीर होत नाही."

"नका करू नवा करार," मागून नंदाचा आवाज आला.

मायलेकी पुढच्या गाडीने मला शोधत आल्या होत्या. गाडी आली कधी, गेली कधी, मला पत्ताच नव्हता. नंदाचं नाक लाल झालं होतं.

"हे मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं.

मी पुन्हा आजींपुढे डबा धरला. आजी सईशी घाईघाईने काही बोलल्या आणि सई एकदम हसायला लागली.

"बाबा, त्या म्हणतायत, हे गृहस्थ मघापासून इतकं कळवळून विकतायत, की आता नाही म्हणवत नाही. एक केवढ्याला?"

उभ्या जन्मात पहिल्यांदा मी कोणापुढे मन मोकळं केलं, आणि आजींनी थालीपिठाचा भाव विचारला.