ट्रंकेतला दाखला

काल ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर माझ्या मुलीचा अपंगत्वाचा दाखला हाताला लागला. तो काढला तेव्हा गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. शेजारच्या मास्तरांच्या मुलाचा पाय माझ्या मुलीसारखाच पोलिओने अधू झाला होता. मास्तरीण म्हणाली, दाखल्यावर करात सूट मिळाली, त्यातून झिलाला पट्ट्यांचे बूट घेतले. मी देवळात कौल लावला, पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाचा होकार, म्हणून मुलीला बूट येणार असं सांगूनही टाकलं. तिला कडेवर घेऊन, खाणीची तांबडी धूळ खात, साखळीला कराचे कागद भरणाऱ्या माणसाकडे गेले. दाखला बघून तो म्हणाला, "बाये, तुझो घोव सुर्ल्याक ट्रक चालवता. तेका कर बसतच नाय, मगे कमी काय करूचा? मास्तरांच्या पगारातून कर कापतत, तो कमी होता. सरकार हातात काय देणा नाय." मी म्हटलं, "म्हणजे ज्याका जास्त पगार, तेकाच सूट?" "कायदो तसो आसा," तो म्हणाला. परतताना बसमध्ये मुलीने विचारलं, "आये, माझो पाय मास्तरांच्या झिलापेक्षा बरो आसा काय गे?" मी तिला गप्प बस म्हटलं. बूट कधीच झाले नाहीत. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिला दुसरं काय सांगायला हवं होतं, ते मला अजून सुचलेलं नाही. दाखला परत ट्रंकेत ठेवला.